ट्रक ड्रायव्हरचं कौशल्य आणि पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावाशेवा, कळंबोली, भिवंडी, वडाळा, तुर्भे इथून गाड्या मारणारे ड्रायव्हर, गाड्या ठेवणारे मालक आणि या धंद्यात उतरू पाहणारी मुलं यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रक ड्रायव्हर स्वतःच्या कामाची किंमत जास्तच लावतात, असं मालक म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे. पगाराची बोलणी करताना ड्रायव्हर सांगतो ते असं: वीस वर्षं गाडी मारतोय, रात्रभर झोपत नाही, नागपूर इतक्या तासांत गाठतो. यातल्या एकाही गोष्टीने मालकाच्या खिशात पैसा उरत नाही, आणि शेवटच्या दोन तर त्याला महागात पडू शकतात. त्याच ड्रायव्हरने महिन्याला शंभर-सव्वाशे लिटर डिझेल वाचवलेलं असतं, ब्रेकचे लायनर जास्त चालवलेले असतात, गेटवर एकदाही कागदासाठी गाडी अडू दिलेली नसते. हे तो बोलत नाही, कारण कोणी विचारत नाही आणि त्याच्याकडे त्याची नोंद नसते. आमचं मत स्पष्ट आहे: चांगला ड्रायव्हर मुंबईत स्वस्तात मिळतोय, आणि त्याची खरी किंमत त्याला स्वतःलाच मांडता येत नाही. हिशोब प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

२. कार चांगली चालवणाऱ्याला ट्रक का जमणार नाही? त्यात वेगळं कौशल्य ते काय?

सरळ रस्त्यावर फरक कमी वाटतो. तो दिसतो घाटात आणि रिव्हर्समध्ये.

खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेला दहाचाकी उतरवायचा आहे, असं धरा. जाणता ड्रायव्हर उतार सुरू होण्याआधीच एअरचा काटा बघतो आणि गिअर खाली घेतो. हाच घाट चढायला जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्याही खालचा. एक्झॉस्ट ब्रेक लावतो. मग वेग इंजिन धरून ठेवतं आणि पायाचा ब्रेक फक्त मधूनमधून, थोडा वेळ, ठाम दाबला जातो. नवखा वरच्या गिअरमध्ये उतरतो आणि ब्रेकवर पाय ठेवून राहतो. ड्रम तापून पसरतो, लायनरची पकड सुटत जाते, जळका वास येतो. घाबरून तो ब्रेक पुन्हा पुन्हा मारतो, तशी टाकीतली हवा कॉम्प्रेसर भरतो त्यापेक्षा जास्त वेगाने खर्च होते. हवा फार खाली गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतात. उतारावर, वळणावर, भरल्या गाडीला असं झालं तर सावरायला जागा उरत नाही. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतणं ही पुढची चूक, त्याने ड्रमला तडा जातो.

रिव्हर्सचं म्हणाल तर भिवंडीच्या गोदामांच्या गल्लीत चाळीस फुटी ट्रेलर डॉकला लावून बघा. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी डावीकडे, आणि शेपूट वळायला लागल्याबरोबर घोडा (पुढची ओढणारी गाडी) त्याच्यामागे आणायचा. उशीर झाला की दोघांत कोन पडतो आणि केबिनचा कोपरा कंटेनरला लागतो. एका बाजूच्या आरशात काहीच दिसत नाही, म्हणून शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूने वळेल अशीच गाडी उभी करून रिव्हर्स सुरू करायचा. क्लीनर मागे उभा असला तरी तो दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे.

याशिवाय रोजचं काम असतं: कंटेनरला ट्रेलरवर धरून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक बसलेत का, सीलचा नंबर कागदाशी जुळतो का, दुहेरी टायरमधल्या आतल्या टायरची हवा, पावसाळ्यात एअर टाकीतलं पाणी काढणं.

३. हेवी लायसन्सला काय लागतं? शिक्षणाची अट आहे का?

वय २० पूर्ण हवं. हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं हवं, त्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. डॉक्टरांचं फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं. मालाच्या गाडीला बॅज लागत नाही, तो प्रवासी गाड्यांना लागतो. बॅजच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तेवढ्याने परीक्षा पास होता येतं. घाटात भरलेली गाडी धरायला त्यानंतर जाणत्या ड्रायव्हरशेजारी बसूनच शिकावं लागतं, आणि त्या काळात पैसे कमी मिळतील हे धरून चाला.

४. जाहिरातीत ‘महिना ५०,०००’ लिहितात. पगार, भत्ता, खर्ची हे सगळं एकच का?

नाही, आणि बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. पगार म्हणजे गाडी उभी असली तरी मिळणारी ठरलेली रक्कम. भत्ता किंवा खुराकी म्हणजे बाहेर असतानाच्या जेवणाखाण्याचे पैसे. खर्ची म्हणजे एका फेरीसाठी दिलेली उक्ती रक्कम. तिच्यातून वाटेतला सगळा किरकोळ खर्च करायचा आणि उरलं तर ते ड्रायव्हरचं. टोल फास्टॅगवर आणि डिझेल कार्डवर गेल्यापासून खर्चीत उरण्यासारखं कमी झालंय, तरी जाहिरातीत ती पगारातच मिळवून दाखवतात.

आणखी एक कारण आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी, अपघाताची भरपाई हे सगळं वेतनावर मोजलं जातं. कागदावर पगार लहान आणि भत्ता मोठा असेल तर पुढचं सगळंच लहान होतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. त्यामुळे नेमणुकीचं पत्र लेखी मागा आणि पगार-भत्ता वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या.

५. मग हातात खरं किती पडतं, हे कसं काढायचं?

रीत दाखवण्यासाठी काही आकडे धरू. ठरलेला पगार १८,०००. न्हावाशेवा ते अहमदाबाद आणि परत अशा महिन्यात ७ फेऱ्या, फेरीला साडेतीन दिवस, खर्ची ४,५००. म्हणजे खर्चीचे ३१,५०० आणि जाहिरातीतला आकडा ४९,५००.

आता एका फेरीचा खर्च. दोघांचं जेवण, चहा, पाणी मिळून २,४५०. पार्किंग आणि आंघोळीचे ३००. माल उतरवताना गेलेले ७००. एकूण ३,४५०, उरले १,०५०. सात फेऱ्यांचे ७,३५०. पगार मिळवून हातात २५,३५०. बाहेर काढलेले साडेचोवीस दिवस, दिवसाला १२ तास गाडीपाशी, म्हणजे २९४ तास. तासाला पडले ८६ रुपये.

हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी एक पूर्ण महिना वहीत लिहा. रांगेत गेलेले तास सोडू नका. गेटवर दहा तास उभं राहणं हेही काम आहे. ड्रायव्हर ते मोजत नाही आणि मालक त्याचे पैसे देत नाही, म्हणून तासाचा दर कोणालाच दिसत नाही.

६. चांगल्या ड्रायव्हरमुळे मालकाचे रुपयांत किती वाचतात?

सगळ्यात मोठी रक्कम डिझेलची. ट्रेलर महिन्याला ८,००० किलोमीटर चालतो आणि लिटरला ३.५ देतो असं धरा: २,२८६ लिटर. दुसऱ्या हाताखाली तीच गाडी ३.७ देते: २,१६२ लिटर. फरक १२४ लिटरचा. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ११,००० च्या वर, वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे. हा फरक फक्त ०.२ चा आहे.

तो येतो कुठून? आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवणं, पुढचा सिग्नल लांबून बघून पाय आधीच उचलणं, टायरची हवा गार टायरवर तपासणं, रांगेत इंजिन बंद ठेवणं. आणि उतारावर न्यूट्रल न मारणं. न्यूट्रलने डिझेल वाचतं ही समजूत जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेलही जाळतो आणि घाटात इंजिनाचा ब्रेकही गमावतो (प्रश्न २).

त्यानंतर कागद. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याआधी किंवा संपल्यानंतर ८ तासांच्या आत ती वाढवता येते. ड्रायव्हरने वेळेत फोन केला तर हे काम ऑफिसातून काही मिनिटांत होतं. नाही केला तर गाडी आणि माल दोन्ही अडकतात.

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत युरियाची लाइट दुर्लक्षित केली किंवा टाकीत भलतंच काही ओतलं तर गाडीची ताकद कमी होते, आणि वर्कशॉपचं बिल एका महिन्याच्या पगाराला भारी पडतं.

७. ॲव्हरेज पडलं की शेठ माझाच पगार कापतात. दरवेळी दोष ड्रायव्हरचाच असतो का?

नसतो. जाम झालेला ब्रेक, बुजलेला एअर फिल्टर, अलाइनमेंट, जास्त लोड, रिकामी परत येणारी गाडी आता भरून येऊ लागणं, किंवा मुंब्रा बायपास आणि घोडबंदरच्या कोंडीत गेलेले तास, यांतलं काहीही ॲव्हरेज खाली आणतं. मोजणी फुल टाकी ते फुल टाकी, एकाच पंपावर आणि निदान तीन-चार फेऱ्यांची सरासरी घेऊन करावी. एका फेरीच्या आकड्यावर कोणाला बक्षीसही देऊ नये आणि दंडही करू नये. कपातीच्या नियमासाठी प्रश्न ११ पाहा.

८. अनुभव जितका जास्त तितका ड्रायव्हर चांगला, हे बरोबर नाही का?

पहिली काही वर्षं बरोबर आहे. नंतर वर्षं वाढतात, पण कोणी चूक दाखवत नसेल तर सवयी तशाच घट्ट होत जातात. स्वतःला जास्त मोजणं हा फक्त ट्रकवाल्यांचा दोषही नाही. ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी गाडी चालवण्यात आपण वरच्या निम्म्यात बसतो असं सांगितलं होतं. ते साधे कार चालवणारे विद्यार्थी होते. म्हणून वर्षं विचारण्यापेक्षा गाडी चालवून बघा (प्रश्न १०).

९. रात्रभर न झोपता गाडी मारणाऱ्याला जास्त पैसे द्यावेत का?

नाही. तसा जास्तीचा दर लावणारा मालक स्वतःच्या गाडीवर आणि रस्त्यावरच्या बाकी लोकांवर संकट ओढवून घेतो. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी चालते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. झोप येऊ नये म्हणून गोळी किंवा तंबाखूवर भागवणारा ड्रायव्हर कसलेला नाही, तो थकलेला आहे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला १० आणि ५४, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या संहितेत गेला. आठ तासांचा दिवस आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वं तिथेही आहेत. लांबची फेरी लवकर हवी असेल तर गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवा.

१०. नवा ड्रायव्हर ठेवताना चाचणी कशी घ्यावी?

साधारण तासाभरात पुरेसं कळतं. किल्ली देऊन गप्प राहा. आधी गाडीभोवती फिरतो का बघा. थेट केबिनमध्ये चढणारा तिथेच अर्धा कळतो. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायला सांगा. एअरचा काटा सरकला तर तो काय म्हणतो ते ऐका. मग तुमच्याच आवारात रिव्हर्स लावू द्या. एकदा चुकून गाडी पुढे घेऊन पुन्हा लावणारा चालेल. न उतरता अंदाजाने रेटणारा चालणार नाही. रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो आणि ब्रेक किती वेळा मारतो ते मोजा. शेवटी एक बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) आणि ई-वे बिल हातात द्या आणि गाडी नंबर व मुदत शोधायला सांगा. लायसन्स परिवहन पोर्टलवर तपासा. डोळे जरूर तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं तेव्हा कागद वाचता येत नाही, आणि बरेच जण ते लपवतात.

११. टायर फुटला, माल कमी भरला, कंटेनरला घासलं. हे पगारातून कापता येतं का?

मनमानी कापता येत नाही. ड्रायव्हरच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेल्या मालाचं नुकसान त्याच्या निष्काळजीपणाने झालं, तरच कपात होऊ शकते, आणि तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत.

घासलेल्या टायरची जबाबदारी ड्रायव्हरची नाही. सील शाबूत असलेल्या कंटेनरमधली तूटही साधारणपणे त्याची नाही, म्हणून माल घेताना आणि देताना सीलचा फोटो काढाच. उघड्या गाडीत मोजून दिलेले नग कमी आले तर मात्र त्याला जाब द्यावा लागेल. नग न मोजता चलनावर सही करणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

१२. माल उतरवायची हमाली ड्रायव्हरने का द्यायची?

द्यायची नसते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी याच वाराईच्या (ड्रायव्हरकडून घेतल्या जाणाऱ्या हमालीच्या) विरोधात आहे. भाडं ठरतानाच हमाली माल घेणाऱ्याकडे असं बिल्टीवर लिहून घ्या. तरी गोदामात पैसे मागितले तर पावती मागा आणि ट्रान्सपोर्टरला तिथूनच फोन लावा. पावतीशिवाय दिलेले पैसे बहुधा ड्रायव्हरच्याच खर्चीतून जातात (प्रश्न ५ मधले ते ७०० रुपये बघा).

१३. ओव्हरलोड मारणारे जास्त कमावतात. मी का मागे राहू?

दहाचाकीचं एकूण वजन २०१८ च्या बदलानंतर २८.५ टनांपर्यंत चालतं. पाच टन जास्त सापडलं तर २०,००० आणि वर टनाला २,००० प्रमाणे १०,०००, असे ३०,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतं. घाटातला ब्रेक त्या जादा वजनाला पुरत नाही. शेठने आग्रह केला तर काटापावती (वजनकाट्याची पावती) मागा आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. म्हणजे निर्णय कोणाचा होता याचा पुरावा राहतो.

१४. अपघात झाला तर ड्रायव्हरला दहा वर्षांची शिक्षा होते ना? ही जोखीम पगारात धरली जाते का?

दहा वर्षांच्या शिक्षेच्या ज्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये संप झाला, ती भारतीय न्याय संहितेतली कलम १०६(२). १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा ही वगळली होती. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच. जमाव अंगावर येत असेल तर जागा सोडा, पण जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच, जास्तीत जास्त २४ तासांत, कळवा.

जोखीम पगारात धरली जात नाही. म्हणून नोकरी घेताना दोन गोष्टी विचारा: गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का, आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापतात का (वेतन २१,००० पर्यंत, १० किंवा जास्त कामगार असतील तर).

१५. टँकरवाल्यांना जास्त का मिळतं?

माहुलच्या रिफायनरीतून किंवा तळोजा-रसायनीतून घातक माल नेण्यासाठी तीन दिवसांचं खास प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ती नोंद तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड) वाचता यावं लागतं, आणि अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रव उसळून वळणावर गाडी कलंडवतो हे कळावं लागतं. तपासता येण्याजोगं कौशल्य असेल तर बाजार त्याचे जास्त पैसे देतो, हे इथे सरळ दिसतं.

१६. परदेशात ड्रायव्हरला लाखांत पगार आहे. मग इथे कमी का?

युरोपात ४.५ तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाची साधारण मर्यादा ९ तास आहे आणि टॅकोग्राफ प्रत्येक मिनिट नोंदवतो. तिथे तास विकत घ्यावे लागतात, इथे ते फुकट जातात. आपलं लायसन्स तिथे थेट चालत नाही, त्या देशाची परीक्षा आणि भाषा दोन्ही लागतात. राहण्याचा खर्च वजा न करता पगाराची तुलना करू नका. एजंटला आधी पैसे देऊ नका, नोंदणीकृत भरती एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे.

१७. नोकरीपेक्षा स्वतःची गाडी घेतली तर?

इथे मात्र ड्रायव्हर कौशल्याची किंमत खरोखर जास्त लावतात. गाडी चालवता येणं आणि भाडं मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. हिशोब करताना हप्ता, विमा, टायर, फिटनेस (आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी), दुरुस्ती आणि भाड्याविना उभे गेलेले दिवस धरा. शिवाय स्वतःचा पगारही खर्चात लिहा. घरचाच ड्रायव्हर म्हणून तो शून्य धरतात, तिथेच हिशोब चुकतो. पगार वजा जाता डाउन पेमेंटवर बँकेच्या व्याजाइतकंही उरत नसेल, तर गाडी घेऊ नका. परतीचं भाडं आधी नक्की करून ठेवा.

१८. पगारवाढ मागताना काय दाखवू?

सहा महिन्यांचं फुल टाकी ॲव्हरेज, लायनर आणि टायर किती किलोमीटर चालले, दंडाची चलनं किती लागली, उशीर किती वेळा आणि कशामुळे. मग प्रश्न ६ प्रमाणे वाचलेली रक्कम काढा आणि तिच्यातला वाटा मागा, शक्य असेल तर दर ०.१ ॲव्हरेजमागे ठरावीक रक्कम अशा स्वरूपात. ही रक्कम पगाराव्यतिरिक्त असावी. मूळ पगारच कमी करून ती देऊ करत असतील तर मान्य करू नका.

१९. माझ्याकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स आहे. पिकअप किंवा छोटा टेम्पो भाड्याने चालवला तर चालतं का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळ्या नोंदीची गरज नाही. त्यामुळे एवढ्याच कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही. वजन आरसी बुकात बघा, गाडीच्या आकारावरून ठरवू नका. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या वजनांत येते आणि तिचं मोठं मॉडेल या मर्यादेबाहेर जाऊ शकतं. घातक मालाला ही सूट लागू नाही, तिथे प्रश्न १५ मधली नोंद लागतेच.